काळी गाडी, वॅक्सची डबी आणि पिवळं फडकं

तुमच्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत, म्हणून मला जे समजलं ते आधी मांडतो. दोन वर्षांची काळी सेडान. पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या सोसायटीत उघड्यावर, झाडाखाली उभी असते. धुवायला बोअरचं पाणी. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गाडी कोरडी पुसून घेतलीत, सगळ्या गाडीला डबीतलं वॅक्स फासलंत आणि मग काढायला गेलात तर निघेना. बॉनेटवर आणि छतावर ढगाळ पट्टे राहिले, काळ्या प्लास्टिकवर पांढरं बसलं. जिथे नीट निघालं तिथली चमकही तीन आठवड्यांत गेली. उन्हात दिसणारे गोल गोल बारीक चरे होते तसेच आहेत. आता शोरूमवाला सिरॅमिक कोटिंग (पेंटवर बसणारा कडक, टिकाऊ रासायनिक थर) करा म्हणतोय. तुम्ही विचारता: वॅक्स चुकीचं घेतलं का, पेंट खराब झाला का, सिरॅमिक करावं का, आणि पुढच्या वेळी कुठलं वॅक्स आणू?

मी चिंचवडला डिटेलिंगचं, म्हणजे गाडी बारकाईने साफ आणि पॉलिश करून देण्याचं काम करतो, त्याआधी बरीच वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या बूथमध्ये होतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो, पेंट खराब झालेला नाही. वॅक्सही बहुधा ठीकच असणार. पट्टे राहिले ते ऊन आणि वॅक्सचा जाड थर यामुळे. चमक टिकली नाही ती खालचा पृष्ठभाग स्वच्छ नव्हता म्हणून. आणि चऱ्यांचा वॅक्सशी काही संबंधच नाही, ते रोज सकाळी गाडी पुसली जाते त्यातून येतात. कुठलं वॅक्स, हा प्रश्न या तिन्हींच्या नंतरचा.

आधी पट्ट्यांचं बघू, कारण ते आजच निघतील. डबीतल्या वॅक्समध्ये मेण असतं आणि त्याला पसरवता यावं म्हणून सॉल्व्हंट आणि तेलं असतात. सॉल्व्हंट हळूहळू उडून गेला की मागे पातळ धुरकट थर राहतो आणि तो फडक्याने अलगद निघतो. तुमचं बॉनेट अकरा वाजता उन्हात होतं. काळा पत्रा उन्हात 60-70 अंशांपर्यंत सहज जातो, हात टेकवत नाही. त्यावर सॉल्व्हंट क्षणात उडाला आणि मेण जाडच्या जाड वाळून बसलं. आता त्यावर कोरडं फडकं घासत बसू नका, तुम्ही मेण कमी आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) जास्त घासाल. संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर त्याच डबीतलं वॅक्स पट्ट्यावर अगदी पातळ फिरवा. नव्या वॅक्समधला सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतो. वाळायची वाट न बघता लगेच स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्या. वीतभर जागेवर करून बघा, निघालं की पुढे सरका.

आता पेंटकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कारखान्यात साधारणपणे चार थर चढतात. पत्रा टाकीत बुडवून त्यावर गंज धरू न देणारा थर बसवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांत 100 ते 130 मायक्रॉन भरतं, काहींत त्याहूनही कमी. त्यातला क्लिअर 35 ते 50 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरतात, त्यावरून अंदाज घ्या. तुम्ही धुता, पुसता, वॅक्स लावता ते सगळं या क्लिअरवर. काळ्या रंगाला तुमचा हात कधी लागतच नाही.

पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात साध्या रंगांवर हा क्लिअर नसायचा. ऊन-पावसाने रंग मरायचा, बोट फिरवलं की भुकटी यायची आणि पॉलिश मारताना फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. घरातली वडीलधारी मंडळी अजूनही ‘महिन्याला एकदा पॉलिश मारत जा’ सांगतात ते त्या गाड्यांच्या अनुभवावर, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. आजच्या मेटॅलिक किंवा काळ्या गाडीवर फडक्याला रंग लागला तर थांबायचं. तिथला क्लिअर गेलेला असतो, किंवा तो भाग कुणीतरी कधीतरी वेगळ्या रंगाने मारलेला असतो.

‘पॉलिश’ या एका नावाखाली दुकानात तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कंपाउंड म्हणजे खरखरीत कण असलेली पेस्ट, ती क्लिअर कापते. पॉलिश म्हणजे तेच पण फार बारीक कणांचं. वॅक्स काहीच कापत नाही, वर बसतं. घोळ होतो तो ‘वॅक्स पॉलिश’ किंवा ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेल्या बाटल्यांत, कारण त्यात दोन्ही असतं. वर्षातून एकदा ते लावायला हरकत नाही, पण दर महिन्याला लावलंत तर दर महिन्याला थोडा थोडा क्लिअर जातो. तुमच्या डबीत काय आहे ते बघायचं असेल तर एखादी जुनी सीडी घ्या, चकचकीत बाजूवर थोडं वॅक्स बोटाने चोळा आणि धुऊन उजेडात धरा. चरे पडले असतील तर त्यात कण आहेत.

मग नुसतं वॅक्स करतं काय? पाणी आणि घाण घट्ट चिकटू देत नाही आणि स्वतः झिजतं. पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, चिखल हे थेट क्लिअरवर बसण्याऐवजी मेणावर बसतात आणि तुम्हाला काही तासांची सवलत मिळते. काही तासांचीच, काही दिवसांची नाही. काळ्या रंगाला जरा खोली येते, ती तेलांमुळे. अगदी केसाएवढे चरे भरून निघाल्यासारखे दिसतात, दोन-तीन धुण्यांत पुन्हा वर येतात. नख अडकतं असा ओरखडा वॅक्सने जात नाही. दगड उडून पडलेला टवका थांबत नाही. ऊन अडवण्याचं खरं काम क्लिअरमध्येच घातलेली रसायनं करतात, वॅक्सची मदत त्यात फार थोडी. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी असेल तर गंज खालून, चाकाच्या कमानीतून आणि दरवाज्याच्या कडांतून येतो, तिथे अँटी-रस्ट हवं, बॉनेटवरचं वॅक्स नाही.

डब्यावर ‘कार्नौबा’ वाचून लोक दुप्पट पैसे देतात, म्हणून त्याबद्दलही. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण. वनस्पतींच्या मेणांत सगळ्यांत कडक, वितळतं 82 ते 86 अंशांना. ऐकायला छान, पण शुद्ध कार्नौबा इतकं कडक असतं की ते गाडीवर पसरणारच नाही. म्हणून डबीत ते तेलं, सॉल्व्हंट आणि मधमाशीच्या मेणासारखी मऊ मेणं घालून येतं, आणि मधमाशीचं मेण 62-64 अंशांनाच वितळतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये उघड्यावरच्या काळ्या गाडीवर ते मिश्रण फार दिवस टिकणार नाही हे उघड आहे. माझ्या कामात उघड्यावरच्या गाडीवर नैसर्गिक वॅक्स चार ते सहा आठवडे धरतो, बेसमेंट पार्किंगमधल्या गाडीवर दोन महिन्यांच्या पुढेही जातं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम रसायनांपासून बनवलेलं वॅक्ससारखंच लावायचं आवरण, उन्हाळ्यातही तीनेक महिने काढतं. डब्यावरच्या ‘सहा महिने’, ‘एक वर्ष’ला मी मान देतो, विश्वास ठेवत नाही. तुमच्यासारख्या गाडीला मी सीलंटच सांगेन. काळ्या रंगावर ते वॅक्सइतकं गहिरं दिसत नाही अशी तक्रार असते, ती थोडी खरी आहे. हौस असेल तर सीलंटवर दिवाळीला वॅक्सचा एक हात द्या.

आता चरे. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या गाड्यांतल्या बहुतेकांची गोष्ट एकच असते. सोसायटीत गाडी पुसणारे काका पहाटे येतात, एक बादली पाणी, एक पिवळं फडकं, आणि त्यात दहा-बारा गाड्या. रात्रभर बसलेली धूळ, त्यात मेट्रोचं किंवा शेजारच्या बांधकामाचं सिमेंट-वाळू, हे सगळं ते फडकं बॉनेटवर गोल गोल फिरवतं. बादलीतलं पाणी तिसऱ्या गाडीलाच राखाडी झालेलं असतं. एवढ्या बारीक वाळूने रोज घासल्यावर क्लिअरवर जाळं उठणारच, पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ते दिसत नाही इतकंच. पिसांच्या झाडणीचा झटकाही कोरड्या धुळीवर तेच करतो.

यात काकांचा दोष नाही. त्यांना महिन्याला मिळतात तेवढ्यात ते अजून काय करणार? माझ्या गिऱ्हाइकांना मी सुचवतो ते असं: पैसे तेवढेच द्या, किंबहुना थोडे जास्त, पण रोज पुसू नका म्हणून सांगा. रोज फक्त काचा आणि आरसे. आठवड्यातून दोनदा आधी नुसतं पाणी ओतून धूळ खाली काढायची, मग तुम्ही दिलेल्या स्वतःच्या मायक्रोफायबरने पुसायचं. ही फडकी तुमच्या डिकीत राहतील, दुसऱ्याच्या गाडीला लागणार नाहीत. सुरुवातीला काकांना पटत नाही, ‘साहेब, गाडी घाण दिसते, माझं नाव खराब होतं’ म्हणतात. दोन दिवस धूळ दिसू द्या. धूळ बसून राहिली तर पेंटचं काही बिघडत नाही.

पडलेले चरे घालवायचे असतील तर मशीनने पॉलिश करावं लागतं, म्हणजे क्लिअर थोडा कापून चऱ्याच्या तळापर्यंत सपाट करायचा. एका वेळी काही मायक्रॉन जातात. 40 मायक्रॉनच्या क्लिअरवर हे आयुष्यात मोजक्या वेळाच करता येतं, म्हणून दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिशिंग’चा टिक असतो तो खोडायला सांगा. काम देण्याआधी त्यांच्याकडे पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे का विचारा. नसेल तर काळी गाडी तिथे देऊ नका. आणि पुसण्याची पद्धत बदलण्याआधी पॉलिश करून घेऊ नका, दिवाळीपर्यंत जाळं परत आलेलं असेल.

पुढच्या वेळी वॅक्स किंवा सीलंट लावताना क्रम असा ठेवा. आधी धुणं, गाडीच्या शांपूने. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड हे जुनं वॅक्स काढून टाकतात, म्हणून इतर वेळी वापरू नका. दोन बादल्या घ्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी, आणि हातमोजा शांपूत बुडवण्याआधी दर वेळी साध्या पाण्यात पिळून घ्या. दुसऱ्या बादलीच्या तळाला जी वाळू बसेल ती बघितलीत की हे कशासाठी ते कळेल. चाकं सगळ्यांत शेवटी, वेगळ्या फडक्याने.

गाडी धुतल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पेंट पिशवीतून खरखरीत लागतो. ते ब्रेकच्या धुळीतले आणि हवेतले लोखंडाचे कण, रस्त्याचं डांबर आणि झाडाचा वाळलेला चीक असतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडच्या गाड्यांवर लोखंड विशेष. हे शांपूने निघत नाही. त्यासाठी क्ले बार, म्हणजे घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी: भरपूर शांपूचं पाणी मारायचं आणि क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत सरकवायचा. खाली पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही. लोखंडासाठी फवाराही मिळतो, कणांवर पडला की जांभळा होऊन ओघळतो, वास मात्र सहन करावा लागतो. तुमचं वॅक्स तीन आठवड्यांत गेलं त्याचं मोठं कारण इथे आहे, ते पेंटवर बसलंच नव्हतं, घाणीवर बसलं होतं.

मग सावली. पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागला पाहिजे. अर्धं बॉनेट एवढाच भाग एका वेळी. फोमवर बोटाच्या पेराएवढं वॅक्स, आणि इतकं पातळ पसरा की लावलंय की नाही अशी शंका यावी. सेडानला एका हाताला 15-20 ग्रॅम पुरतात. तुम्ही एका रविवारी अर्धी डबी संपवली असेल तर उरलेलं सगळं फडक्यातच गेलं. काही मिनिटांनी बोटाने एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ निघाली तर पुसायची वेळ झाली, फासली गेली तर थांबा. पावसाळी दमट हवेत याला जास्त वेळ लागतो, मेमध्ये सकाळी साडेसातलाही पटकन होतं, म्हणून मिनिटं सांगत नाही. पुसायला दोन फडकी, पहिलं काढायला, दुसरं झळाळी द्यायला. ही फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, ती पाणी टिपेनाशी होतात. पुढच्या काचेला वॅक्स लागू देऊ नका, पहिल्या पावसात वायपर थरथरत चालतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट डोळ्यांत येतो.

बोअरच्या पाण्याचं काय, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते महत्त्वाचं आहे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. वॅक्स लावल्यावर पाण्याचे सुंदर थेंब उभे राहतात, लोक त्याचे फोटो काढतात, आणि तेच थेंब उन्हात वाळले की प्रत्येकाच्या जागी एक पांढरं कडं उरतं. म्हणजे वॅक्स केलेली गाडी बोअरच्या पाण्याने धुऊन तशीच सोडलीत तर डाग वॅक्स नसलेल्या गाडीपेक्षा जास्त उठून दिसतील. धुतल्या धुतल्या टिपून घ्या. शेवटच्या पाण्यापुरतं एक बादलीभर आरओचं (वाया जाणारं नव्हे, शुद्ध बाजूचं) किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, गार पत्र्यावर, मिनिटभर ओलं फडकं ठेवून काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्याने वॅक्सही जाईल, तिथे परत लावा.

झाडाखाली उभी असते म्हणजे पक्षी आलेच. विष्ठेतलं युरिक अ‍ॅसिड पेंट खातं हे अर्धं खरं. दुसरं असं की उन्हात क्लिअर मऊ होऊन फुगतो, वरची विष्ठा वाळून कडक होते, आणि संध्याकाळी गार होताना क्लिअर तिच्या आकारातच आखडतो. तो ठसा मग पुसून जात नाही. त्यामुळे दिसली की ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं वर ठेवा, भिजली की उचलून घ्या. खरवडू नका, त्यात दाणे-बिया असतात. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढणार असाल तर आधी वॅक्सचा हात असू द्या आणि पूजा झाली की त्याच संध्याकाळी पुसा. झेंडूच्या माळा सेलोटेपने किंवा उघड्या तारेने पेंटवर बांधू नका.

आता सिरॅमिक. चांगल्या हाताने केलेलं सिरॅमिक वॅक्सपेक्षा खूप जास्त टिकतं, चीक-विष्ठेला जास्त दाद देत नाही, गाडी धुवायला सोपी जाते. एवढं मान्य. पण पिवळ्या फडक्याचे चरे त्यावरही पडतात, दगडाचा टवका थांबत नाही आणि बोअरच्या पाण्याचे डाग त्यावर इतके हट्टी बसतात की कधी कधी पॉलिश करूनच काढावे लागतात. शिवाय पैसे खरे लागतात ते खालचे चरे आधी पॉलिशने घालवण्याच्या कामाचे, बाटलीचे नव्हे. शोरूममध्ये दोन-तीन तासांत गाडी परत देतो म्हणत असतील तर ते काम होणार नाही, आणि आताचे चरे कोटिंगखाली तसेच राहतील. कुठे ‘टेफ्लॉन कोटिंग’ असं नाव सांगितलं तर सरळ नाही म्हणा. टेफ्लॉन पक्कं बसवायला 300 अंशांच्या वर तापवावं लागतं, तव्यावर ते जमतं, गाडीवर नाही. तुमची गाडी पुढची पाच-सहा वर्षं ठेवायची असेल, पार्किंगवर छप्पर येणार असेल आणि पुसण्याची पद्धत बदलली असेल, तर सिरॅमिकचा विचार करा. यातलं काहीच होणार नसेल तर ते पैसे घरात ठेवा. मेच्या अखेरीला एक सीलंट, पाऊस सरल्यावर दसऱ्याआधी दुसरं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारीत तिसरं, एवढं पुरे.

एका गोष्टीची खात्री करून घ्या. दोन वर्षांत एखादा दरवाजा किंवा बंपर बाहेर रंगवून घेतला असेल आणि काम ताजं असेल, तर त्या भागाला निदान दोन महिने वॅक्स, सीलंट काही लावू नका. कारखान्यात रंग 140 अंशांच्या आसपास भाजला जातो, गॅरेजच्या बूथमध्ये 60-80 पर्यंतच, त्यामुळे आतला सॉल्व्हंट बरेच आठवडे बाहेर पडत असतो.

राहिलं काळ्या प्लास्टिकवरचं पांढरं. ते खडबडीत प्लास्टिकच्या खाचांत वाळलेलं वॅक्स आहे, पाण्याने जाणार नाही. मऊ टूथब्रश, कोमट पाण्यात गाडीचा शांपू जरा घट्ट, आणि हलक्या हाताने. उरलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून ब्रशनेच, कोपऱ्यावर आधी करून बघा, पेंटवर ओघळू देऊ नका. पुढच्या वेळी वॅक्सच्या आधी प्लास्टिकच्या कडेने रंगाऱ्याची कागदी मास्किंग टेप लावून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.